आमच्या मंडळीची होऊ घातलेली नर्स

कूपर्स पॉइंट,
डिसेंबरचा दुसरा मंगळवार

प्रिय अँब्रोजदादा यांस,

धाकट्या ओडेसाचा प्रभूच्या नावाने सलाम. (तू चर्चचं, आपल्या मंडळीचं तोंड पाहायचं सोडलंस त्याला एकतीस वर्षं झाली, हे मी विसरलेले नाही. पण हा सलाम मंडळीचा नाही, माझा आहे, तेव्हा निमूटपणे घे.) गुडघा कसा आहे? हॅलिफॅक्सच्या त्या चढावर थंडीत ठणकत असेल. मांजरीचं पोट ठिकाणावर आलं का? आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझ्या मेहुण्याचा, हिबर्टचा उजवा कान आता पुरता गेला आणि डावाही त्याच वाटेला लागलाय, पण माणूस ठणठणीत आहे, दोन वेळा जेवतो आणि कोणाचं ऐकत नाही. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर "बरं" म्हणून ठेवून देतोस. आणि यंदा इथे जे जे झालंय ते "बरं"मध्ये मावणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

दादा, आम्ही एक मुलगी आणली! म्हणजे मंडळीने आणली. समुद्रापलीकडची एक मुलगी आणून तिला युनिव्हर्सिटीत शिकवायचं, राहण्याजेवण्यासकट सगळं मंडळीने बघायचं, असं दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं. मादागास्करला आपल्यासारखेच लुथरन पंथाचे लोक आहेत, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि ते गातातही आपल्यापेक्षा चांगलं (हे तुला ऐकायला आवडेल). तिथल्या मंडळीने एक नाव पाठवलं. नाव असं : वुआहिराना राझाफिंद्राकुतु. आमच्या पाळकबाई सिग्रिड तीन रविवार उपासनेआधी मागच्या खोलीत ते नाव घोकत होत्या आणि चौथ्या रविवारी वेदीसमोर उभ्या राहून "आपली ती मुलगी" म्हणाल्या.

मुलगी नर्सच व्हायला हवी, हा हट्ट क्राइटन झिंकचा. क्राइटन आठवतो ना, तुझ्या वर्गातला, आता मंडळीचा खजिनदार आहे. चार हिवाळ्यांपूर्वी त्याची लेटी गेली ती त्यांच्या स्वयंपाकघरात. बर्फ पडलेलं, गावचा दवाखाना नर्स मिळेना म्हणून बंद, आणि अँब्युलन्स आली तोवर क्राइटन पाऊण तास तिचा हात धरून बसलेला होता. त्यावर तो कधी बोलला नाही. फक्त पंचांच्या सभेत म्हणाला, "जगात कुठेही असो, आपल्या हातून एक नर्स वाढू दे." ठराव तिथल्या तिथे पास झाला.

मे महिन्यात ती आली. कॉलेज जानेवारीत सुरू व्हायचं होतं, पण तिची भाषा फ्रेंच, म्हणून सहा-सात महिने आमच्याकडे राहून आपल्या भाषेला जीभ वळवून घ्यावी असा बेत. विमानतळावर आम्ही तेवीस जण शाळेची बस घेऊन गेलो. स्वागताचा फलक मंडळीतल्या मिर्टल ईझनॉरने रंगवला होता. नाव एका चादरीत बसेना म्हणून तिने दोन चादरी जोडल्या, एक टोक तिच्या हातात आणि दुसरं हिबर्टच्या. विमान उतरलं आणि नेमकी त्याच क्षणी हिबर्टला लघवीला लागली. टोक कोणाच्या हातात देऊन जावं हे ह्या माणसाला सुचलं नाही. तो टोक घेऊनच निघाला. चादर गुंडाळली जाऊन "कुतु" एवढंच उरलं. एक लहानखुरी मुलगी आमच्यासमोरून दोनदा गेली, तिसऱ्यांदा थांबली आणि हळूच मिर्टलला म्हणाली, "बाई, हे शेपूट माझंच आहे की काय?"

त्या क्षणापासून ती आमची झाली. (नाव फार लांब आहे म्हणून आम्ही माफी मागितली, तर म्हणाली, "आमच्याकडे हे आखूड समजतात." आता सगळे हिराना म्हणतात.) राहायला माझ्याकडे, पण जेवायला सगळ्यांकडे, कारण मिर्टलने दुसऱ्याच दिवशी मंडळीत यादी फिरवली. तिला तिन्ही त्रिकाळ भात लागतो. आपल्या गावात भात म्हणजे दुधासाखरेतली खीर, वर बेदाणे. मिर्टलने ती परातभर केली. हिरानाने एक घास घेतला, जरा विचार केला, मग खारवलेल्या हेरिंगची बरणी पुढे ओढली आणि खिरीबरोबर मासळी कालवून शांतपणे सगळं संपवलं. मिर्टल मला कानात म्हणाली, "ओडेसा, पोर किती उपाशी असेल गं!" दादा, इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

सप्टेंबरात चर्चच्या तळघरात रक्तदान ठेवलं. निमित्त तीच : होऊ घातलेली नर्स मंडळीने डोळे भरून बघावी. पहिला मान माझा. मी खाटेवर आडवी, हिराना माझा हात धरून उभी, पाळकबाई संत्र्याच्या रसाचे पेले भरलेला ट्रे घेऊन मागे, आणि क्राइटन नवा कोट घालून समोरच्या खुर्चीत. सुई आत गेली, नळी लाल झाली, आणि माझ्या हातातला हात एकाएकी गार पडला. पोर सरळ मागे गेली. ती पाळकबाईंवर, पाळकबाई सँडविचच्या टेबलावर आणि रस क्राइटनच्या कोटावर! मी नळीसकट उठून बसले तशी ती रक्तवाली बाई ओरडली, "आजी, झोपा! तुम्ही सांडताय!"

तुला जे पहिल्या झटक्यात कळलं असतं ते आम्हां कोणालाच कळलं नाही. मिर्टलने जाहीर केलं की हा अशक्तपणा आहे, आणि त्या आठवड्यापासून खाणं दुप्पट केलं. मग रविवारच्या शाळेत एका पोराच्या नाकाचा घोळणा फुटला, हिराना पुन्हा आडवी. खाणं तिप्पट. पोरीला झगे सैल करून घ्यावे लागले. रोज सकाळी मला विचारायची, "ओडेसामावशी, आज किती घरी?" आणि मी "तीन" म्हटलं की डोळे मिटून घ्यायची. मी समजले, आभाराची प्रार्थना करते.

ऑक्टोबरात आम्ही दोघी कोबी आंबवायला बसलो होतो. (पिंप आईचंच आहे. तू मागितलं होतंस, मी दिलं नाही, देणारही नाही.) बोलता बोलता किसणीवर माझं बोट गेलं. फार नाही, पण कोबीवर दोन थेंब पडले. हिरानाने बघितलं आणि ती कोबीच्या टोपल्यातच बसली. टोपल्यातून उठेचना. आणि मग रडायलाच लागली.

"मावशी, मला रक्त बघवत नाही. लहानपणापासून. कोंबडी कापायची असली की मी शेजारच्या गावी जायची."

"अगं बये," मी म्हटलं, "मग नर्स कशाला होतेस?"

"अर्जावर आमच्या मास्तरांनी लिहिलं. म्हणाले, तिकडे नर्सच हवी आहे. मी नाही म्हटलं असतं तर दुसरी आली असती."

मग तिने सगळं सांगितलं. तिची आई समुद्रात शेती करते. उथळ पाण्यात दोऱ्या ताणायच्या, त्यांना समुद्रशेवाळाची रोपं बांधायची, वाढली की काढून वाळवून विकायची. अख्खं गाव त्यावर जगतं. गेली काही वर्षं ते शेवाळ पांढरं पडतं आणि कुजून गळून जातं. का, ते तिथे कोणालाच ठाऊक नाही. हिरानाला ते शिकायचंय. हॅलिफॅक्सला त्याच युनिव्हर्सिटीत तो विषय आहे, तिने चोरून चौकशीही केली होती आणि ते घ्यायला तयार होते. "पण झिंककाकांना कसं सांगू? त्यांनी मला लेटीकाकूंचा फोटो दाखवलाय, मावशी." तिने मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही.

मी कोणालाही सांगितलं नाही. फक्त हिबर्टला सांगितलं, नवऱ्याला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. आता हिबर्टला काही सांगायचं तर कसं सांगावं लागतं ते तुला माहीत आहे, आणि तेव्हा आम्ही दुर्दैवाने वाण्याच्या दुकानात होतो. "रक्त!" मी म्हटलं. "भक्त?" तो म्हणाला. "रक्त! रक्त बघून पडते! तिला शेवाळ शिकायचंय!" वळून बघते तर दुकानात नऊ जण, सगळे डब्यांवरची अक्षरं वाचण्यात गढलेले.

पण दादा, तू ह्या मंडळीला काहीही म्हण, त्या दिवसापासून माणसं अशी वागली की मी थक्क झाले! पोरीला ओशाळं वाटू नये म्हणून एकानेही कळल्याचं दाखवलं नाही. मिर्टलने बीटसुद्धा घरातून हद्दपार केलं. रविवारी एका मुलीचा दात पडला तर अकरा बायका हिरानाच्या भोवती भिंतीसारख्या उभ्या राहिल्या आणि सगळ्या एकदम हवापाण्याबद्दल बोलायला लागल्या. फक्त क्राइटन तेवढा अंधारात राहिला. तो महिनाभर लेकीकडे ओंटारिओला गेला होता, आणि परत आला तो थेट नोव्हेंबरच्या वार्षिक सभेला.

सभा उपासनेनंतर, तळघरात, कॉफीबरोबर. सहावा विषय : आपली विद्यार्थिनी. हिराना उठली. हातातला कागद तिने वाचलाच नाही. म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलले. मी नर्स होऊ शकत नाही. तुम्ही मला परत पाठवलंत तरी मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." साठ माणसांनी एकदम "काय सांगतेस!" म्हटलं, इतकं वाईट सोंग मी जन्मात पाहिलं नाही. मग सगळे क्राइटनकडे बघायला लागले.

क्राइटनने टोपी घेतली आणि तो बाहेर निघून गेला.

तळघराच्या त्या बुटक्या खिडकीतून फक्त त्याचे बूट दिसले, किनाऱ्याच्या दिशेने जाताना. मिर्टल रडायला लागली. पाळकबाईंनी गीत काढलं आणि त्यांनाच सूर सापडेना. हिराना उभीच. मी तिला खाली बस म्हटलं, तर मान हलवली. मला वाटलं, संपलं. पोर परत जाणार, आणि क्राइटनही पुन्हा ह्या दारात पाऊल टाकणार नाही.

बऱ्याच वेळाने तो आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात काळपट हिरव्या शेवाळाचा हा एवढा जुडगा. तो त्याने तिच्यापुढे टेबलावर, स्वतःच्याच अहवालावर आदळला. "हे काय आहे?"

तिने हात लावून बघितलं आणि नाव सांगितलं. मग ते खडकाला कसं धरून राहतं, फुगे कशाला असतात, वर्षात किती वाढतं, असं सांगतच सुटली. सहा महिन्यांत आम्ही तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. फ्रेंच कुठे संपलं आणि आपली भाषा कुठे सुरू झाली तिलाही कळलं नसेल. टेबलावरून पाणी माझ्या मांडीवर गळत होतं, तरी मी हलले नाही.

"लेटी हे दर हिवाळ्याआधी गुलाबांच्या मुळाशी घालायची," क्राइटन म्हणाला. "नाव तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही." मग नाक शिंकरून म्हणाला, "मी नर्स मागितली ती जिच्यासाठी, ती आता नाही. ही पोर आहे. हिला काय हवं ते शिकू द्या. मी ठराव मांडतो."

दादा, हात असे वर गेले की कॉफीचे पेले उपडे झाले! विरोधात फक्त एक मत पडलं, हिबर्टचं. त्याला वाटलं, सभेतली कॉफी बंद करायचा ठराव आहे. नंतर कागदावर लिहून दाखवलं तेव्हा त्याने मत मागे घेतलं, पण पाळकबाई म्हणाल्या, एकदा नोंदलं ते नोंदलं.

तर असं आमचं चाललंय. गुडघ्याला जप, लोकरीची पट्टी बांध. मांजरीला गोंजार. हिबर्टने सलाम सांगितलाय (ओरडून).

तुझी,
ओडेसा

ता. क. : एक सांगायचं राहिलं. वसतिगृहातली खोली नर्सिंगच्या मुलींची होती. विषय बदलला तशी ती गेली, आणि जानेवारीत हॅलिफॅक्समध्ये खोली मिळणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरा शोधणं. तुझं घर युनिव्हर्सिटीपासून चालत सात मिनिटांवर आहे. वरची मागची खोली, जिथे तू जुनी वर्तमानपत्रं ठेवतोस, ती मला आठवली. मंडळीचा ह्यात काही संबंध नाही, मी बहीण म्हणून विचारते. विचार कर, घाई नाही.

ता. क. २ : तिच्याजवळ बादली असेल. झाकण उघडू नकोस. आतल्या शेवाळाला गार खारं पाणी आणि पुष्कळ जागा लागते, तेव्हा न्हाणीघरातला टब काही आठवडे विसर. तुझ्या कुरकुरीचं तिला काही वाटणार नाही. ती सात महिने हिबर्टबरोबर राहिली आहे.

ता. क. ३ : हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. तुला पत्र दारातच उभं राहून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे, आणि मी तिला बजावलंय की तुझं वाचून होईतो तोंडातून शब्द काढायचा नाही. एवढं लांब लिहायला नको होतं, हे आता लक्षात येतंय. दादा, डिसेंबर आहे. पोरीला आत घे.