मेहुण्याच्या हातातला दोर

जव्हार,
३१ मार्च १९५७

प्रिय अच्युत,

'प्रिय' लिहून बराच वेळ थांबले. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं, की पत्र रागाचं असलं तरी सुरुवात सौजन्याची असावी. म्हणून तो शब्द तसाच राहू देते. शिवाय वयाच्या सातव्या वर्षापासून तुला अरेतुरे करत आले आहे, आज बावन्नाव्या वर्षी 'महोदय' लिहिलं तर माझं मलाच हसू येईल.

इथे ऊन तापायला लागलं आहे. सूर्यमाळेच्या बायका आतापासूनच दरी उतरून पाण्याला जातात. तुझे वडील संस्थानच्या मोजणी खात्यात होते तेव्हा तुम्ही राहायचात त्या घरात आता सरकारी कचेरी आहे. तुझ्या आईने लावलेल्या सोनचाफ्याखाली अर्जदार बसून असतात. विलीनीकरण झालं त्या वर्षी सगळ्यांनाच वाटलं होतं, आता काहीतरी आपल्या दारापर्यंत येईल. आले ते बहुतेक छापील अर्ज. लोक ते उलटे धरून बसतात आणि शाळा सुटल्यावर मी येईन म्हणून वाट बघतात. करवंदांना यंदा फूल भरपूर आलं आहे. तू असतास तर म्हणाला असतास, की आपण लहान होतो तेव्हा याहून जास्त असायचं. असेलही.

आपल्या जुन्या गोष्टीबद्दल मला काही म्हणायचं नाही. एकोणतीस सालच्या मार्गशीर्षात तू येणार होतास, आणि तुझ्याऐवजी तुझी लग्नपत्रिका आली. बाबांनी ती वाचली, घडी घालून माझ्या हातात दिली आणि नेहमीप्रमाणे दवाखान्यात निघून गेले. पुढच्या महिन्यात मी मुलींच्या शाळेत नोकरी धरली. सत्तावीस वर्षं झाली. त्या वर्षांचा हिशेब मी तुझ्याकडे कधी मागितला नाही आणि आजही मागत नाही. हे पत्र नवसूबद्दल आहे.

नवसू तुला एका हंगामापुरता माहीत. मी त्याला दहा वर्षं ओळखत होते. तो सूर्यमाळेच्या पाड्यातला, संस्थानच्या शिकारखान्यात होता. तो खातेपसारा मोडला तेव्हा त्याची नोकरी गेली, आणि त्याच सुमारास जंगलातला मध ठेकेदाराकडे गेला. ज्या कड्यांवरची आग्या मोहळं त्याचा बाप आणि आजा उतरवत होते, तिथे पाऊल ठेवणं आता चोरी ठरलं. मग दिवाळी झाली की तो, बायको राही आणि मुलं वसईकडच्या मिठागरात जायची आणि पावसाच्या तोंडावर पायाला भेगा घेऊन परत यायची. तिथेच त्यांची धाकली तापात गेली. त्यानंतर राहीने एकच धोशा लावला होता: पुन्हा मिठागरात जायचं नाही. पावसाळ्यात तो माझ्याकडे शाळेच्या पाण्याला असायचा. एका भाऊबीजेला दारात येऊन उभा राहिला. मी काय ते समजले आणि त्याला ओवाळलं. तेव्हापासून मी त्याची 'बाय' झाले. म्हणजे बहीण. मला सख्खा भाऊ नाही हे तुला माहीत आहे.

म्हणून गेल्या श्रावणात तुझं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला तो तुझ्यापेक्षा नवसूसाठी. एव्हरेस्टनंतर मुंबईच्या पोरांना डोंगरांचं वेड लागलंय, दरवर्षी कुणीतरी कड्यात अडकतं, तेव्हा जंगल खातं आणि तुमची संस्था मिळून सूर्यमाळेला मार्गशीर्ष ते फाल्गुन एक हंगामी गिरिरक्षक नेमणार आहे, असं तू लिहिलं होतंस. पोशाख, शिट्टी, पगार आणि दरवर्षी पुन्हा तीच नेमणूक. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं कुणी आलंच नाही. परीक्षेत सूचना वाचायला येणं जरुरीचं होतं, म्हणून दोन महिने मी त्याला अक्षरं शिकवली. 'धोका' हा शब्द त्याला सर्वांत आधी आला, 'बचाव' काही केल्या येईना. राही पायरीवर बसून ऐकायची आणि त्याच्या आधी वाचायची. मग तो चिडायचा, म्हणायचा, हिलाच पाठवा दरीत, मी चूल सांभाळतो.

परीक्षा तुला आठवत असेल. नाशिककडचे दोन जवान होते, मोखाड्याचा एक पहिलवान होता. घाटाच्या पायथ्यापासून ओझं घेऊन वर यायचं होतं. नवसू पहिला आला. पाठीवर माणूस घेऊन उतरायचं होतं, तो तुमच्या संस्थेतल्या सर्वांत लठ्ठ गृहस्थांना घेऊन उतरला आणि खाली आल्यावर त्यांना विचारता झाला, की भाकरी खाऊन आलात की न खाता. गाठी, मोडलेल्या हाताला कामट्या बांधणं, सूचना वाचणं, सगळं झालं. शेवटी राहिलं ते दोर धरणं. तू स्वतः कड्यावरून उतरणार होतास, बरोबर आणलेल्या मुंबईच्या पोरांना दाखवायला, आणि उमेदवाराने वरून तुझा दोर सांभाळायचा होता. बाकीच्यांनी धरला. नवसूने दोर हातात घेतला, तुझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला. रेंजर म्हणाले, भ्याला. मी पुढे झाले तेव्हा त्याने मला सांगितलं, "माझी बहीन यांचे घरात नाय, बाय. मंग दोर कसा धरू?"

त्यांच्या पाड्यात मोहळाचा दोर मेहुण्यानेच धरायचा असतो. भावाने नाही, कारण भावाच्या मनात वाटणी येऊ शकते. परक्याने तर नाहीच. नवसूचा दोर राहीचा भाऊ सुकऱ्या धरायचा. मेहुणा बायकोचा भाऊ असो की बहिणीचा नवरा, दोघांच्या मधे एक बाई असते, आणि तिला दोघेही जिवंत हवे असतात. दोर तिच्या भरवशावर धरतात. हे मी तुला तिथे उभ्या उभ्या समजावलं. तू हसलास. रेंजर घड्याळ बघत होते. तेवढ्यात नवसूच मधे बोलला. अगदी सरळ, सोयरिकीची चौकशी करावी तसा. "बाय, ह्यो तुझा घरचा हाय का?" घरचा, म्हणजे नवरा.

तू माझ्याकडे वळून, बाकीच्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणालास, "हो म्हणून टाक ना, गोदा. एका शब्दाने तुझं काय जातंय?"

मी हो म्हटलं. रेंजर, जंगलाचे शिपाई, पाड्यातल्या बाया, सुकऱ्या, सगळ्यांसमोर. नवसूने लगेच दोर उचलला, कमरेला वेढा घेतला आणि तुला इतक्या जपून उतरवलं, की तू वर आल्यावर म्हणालास, असा हात मी हिमालयातसुद्धा पाहिला नाही. तो पास झाला. परत येताना बसमध्ये मला लाज वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटत होतं. जे उत्तर मी सत्तावीस वर्षांपूर्वी द्यायला तयार होते, ते तू मला शेवटी विचारलंस, तेही एका नोकरीची अडचण सुटावी म्हणून. तरी मला बरं वाटलं. यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

तो हंगाम त्यांच्या घरचा सर्वांत चांगला गेला. राही मिठागरात गेली नाही. कुडाला नव्याने शेण-मातीचा लेप दिला, दारापुढे घेवडा लावला. नवसू खाकी सदरा रोज धुवायचा आणि ओलाच घालायचा. बाजाराच्या दिवशी पाड्यातल्या बाया मला विचारायच्या, तुझा घरचा म्हमईला एकटा रांधून खातो का गं, का तिथं दुसरी केलीय? मी हसण्यावारी न्यायची. दुसरी तिथे पहिली म्हणून बसली आहे हे त्यांना कसं सांगणार?

सतरा फेब्रुवारीला रविवार होता. तुझ्या तुकडीतली दोन कॉलेजची पोरं कड्याच्या मधल्या टप्प्यावर अडकली. नवसूने आधी सुकऱ्याला बोलावणं धाडलं, पण सुकऱ्या जामसरला गेला होता, यायला दुपार झाली असती. पोरं रडत होती. तू म्हणालास, मी धरतो. तिथे असलेल्या गुराख्याने मला सांगितलं, की नवसू एक क्षणही अडला नाही. म्हणाला, मेहुणाच हाय, आणखी कोन पायजे. पहिलं पोर त्याने वर पोचवलं. दुसरंही पोचवलं. तो स्वतः शेवटी वर येत असताना पडला.

तू संध्याकाळच्या आत जीप घेऊन मुंबईला निघालास. पोरांच्या आईबापांना काळजी होती हे मला समजतं. दहाव्याला तू येशील असं पाड्याने धरलं होतं, तू आला नाहीस. तुझा अहवाल आला. रेंजरसाहेबांनी मला तो भाषांतर करून राहीला सांगायला दिला. त्यात लिहिलं आहे, की गिरिरक्षकाने दोर धारदार खडकावरून घेतला, तो घासून तुटला, खालचा तुकडा सापडला नाही, आणि नेमणूक हंगामी असल्यामुळे व चूक त्याचीच असल्यामुळे खात्यावर काही जबाबदारी येत नाही. इंग्रजी उत्तम आहे. तुझं नेहमीच होतं.

मी ते राहीला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, सोयऱ्याच्या हातून गेला, त्याला कोण काय करणार, त्याचाबी जीव तुटला असंल. उलट तिने मलाच विचारलं, तो नीट जेवतो ना. पाच आठवडे ती दर बाजाराला येऊन माझ्या पायरीवर बसायची आणि विचारायची, घरच्याचं काही पत्र? आणि पाड्यात कुणी तुझं नाव वाईट काढत नव्हतं, अच्युत. ते तुला सांभाळून घेत होते, माझ्या एका शब्दावर. येत्या दिवाळीनंतर ती मुलांना घेऊन पुन्हा मिठागरात जाणार हे ठरल्यासारखंच आहे, आणि तरी ती तुझ्या जेवणाची चौकशी करत होती. हे मला सोसवेना.

म्हणून गेल्या रविवारी मी सूर्यमाळेला गेले. ज्यांच्यासमोर हो म्हटलं होतं त्यांतले जेवढे होते तेवढ्यांना बसवलं आणि सांगितलं, की तो माझा कुणी नाही. लग्न झालं नाही, होणार होतं, त्याची बायको मुंबईला आहे. नवसूचा दोर परक्याच्या हातात होता आणि तो मी दिला. राहीने माझ्यासमोरचा पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. मग बाहेर येऊन म्हणाली, "आता जा, मास्तरीणबाई. बस चुकंल." दहा वर्षांत तिने मला बायशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

मी उतारावर पोचले तेव्हा सुकऱ्या मागून आला. तू ज्याला तुटलेला म्हणतोस तो दोर त्याच्या खांद्यावर होता. नवसूला दरीतून वर आणलं तेव्हाच तो त्याने आणला होता, आणि सोयऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून पाच आठवडे माळ्यावर दडवून ठेवला होता. तो आम्ही दोघांनी रस्त्यात पसरून पाहिला. दोन्ही टोकं कारखान्यात बांधली होती तशीच बांधलेली आहेत. मधे कुठे साधं कुसळ निघालेलं नाही. तुझं वय झालं आहे, ऊन होतं, दोन पोरांना ओढून हात भरून आले असतील. हात सुटला असता तर मी समजले असते, अच्युत. राहीही समजली असती. तू 'सुटला' लिहिलं असतंस, तर आज या पत्राची गरज नव्हती.

त्यांच्यात पद्धत अशी आहे, की माणूस पडला तर दोर धरणाऱ्याने घरच्यांसमोर बसून तो सगळा दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपल्या हातातून काढायचा. जिथे तुटला तिथे थांबायचं. तुटला नसेल, तर शेवटाला येऊन खरं सांगायचं. सांगणाऱ्याला ते काही करत नाहीत, त्याच्याबरोबर जेवतात आणि तो विषय पुन्हा काढत नाहीत. येत्या रविवारी, सात तारखेला, सुकऱ्या आणि राही तुझ्या दादरच्या घरी येत आहेत. पत्ता मी मोठ्या अक्षरात लिहून दिला आहे, राहीला तो वाचता येतो. मी बरोबर येते म्हटलं, पण तिला मी नको आहे. तुझ्या घरच्यांना काय सांगायचं याचा विचार करायला तुला चार दिवस मिळावेत, एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. दोर साठ हात लांब आहे. कुठे थांबायचं ते तुझं तू ठरव.

कुठल्या नात्याने सही करावी ते कळत नाही, म्हणून नुसतीच,

गोदा