‘गती’ची वेलांटी

मंगळवार, संध्याकाळ. अलीगंज.

डोकं फिरलंय नुसतं. आठवीत नागपूरची मराठी शाळा सुटली ती सुटलीच, आता इकडे उत्तरेत बाहेरून हिंदीत दहावी देतोय. शिकवणीच्या विज्ञानाच्या सरांनी सराव पेपरात माझ्या प्रत्येक ‘गती’खाली लाल रेघ मारली. हिंदीत तिची वेलांटी ऱ्हस्व, ‘गति’! मग मी काय केलं? तीन तास वहीभर वेलांट्या बदलत बसलो. धड्याची एक ओळ वाचली नाही, आणि पेपर सोमवारी.

धाकटी मुक्ता वही बघून म्हणाली, “दादा, गति सही हो गई, अब थोड़ी बढ़ा भी लो.”

तिच्यावर खेकसलो. खरं बोलली म्हणूनच ना?

माझी गति अशीच राहिली तर यंदाही नापास.

बघ, इथे मराठीत ऱ्हस्व लिहिलं! खोडणार नाही. पुस्तक उघडतोय.