कडुबाच्या नावाला

मंगळवार, १५ एप्रिल

सापडला! वडिलांच्या, आबांच्या पत्र्याच्या पेटीत, तिसऱ्या कापडी बासनात, सारापावत्यांना चिकटून बसलेला. उर्दू, शिकस्ता म्हणजे घाईचं, मोडकं वळण. खुर्दाद १३४१ फसली, म्हणजे एप्रिल १९३२च्या आसपास. खाली अंगठा, आणि शेजारी स्वच्छ अक्षरात — निशानी कडुबा वल्द सटवा.

माझे पणजोबा. ‘ईसाई जमातीशी आजपासून संबंध नाही, गावची कामं पूर्वीप्रमाणं करीन’ असं लिहून देऊन चावडीतून सुटले.

म्हणजे आबा आयुष्यभर सांगत आले ते खोटं! चावडीत कोंडलं, पाणी तोडलं, तरी कडुबा हलला नाही, तिथंच गेला — लहानपणी हे ऐकून अंगावर काटा यायचा. गेला कुठला? सुटला.

मोडी आणि उर्दू दोन्ही मी एकट्यानं शिकलो. दहावीनंतर शाळेची पायरी चढलो नाही. आज जमिनीच्या दाव्यातले जुने कागद वाचायला वकील माझ्याकडं पाठवतात. मग घरचा कागद माझ्या हातून सुटेल होय?

मोनिकाला हाक मारून दाखवला. म्हणाली, "नळाला पाणी आलंय, आधी ते भरून घ्या. पणजोबा कुठं जात नाहीत." बायकोला इतिहास सांगणं अवघड!

गुरुवार, १७ एप्रिल

एका शब्दाची खात्री करायला कमरोद्दीनकडं गेलो. गुलमंडीच्या मागं त्याचं बाइंडिंगचं दुकान. चष्मा कपाळावर चढवून त्यानं कागद उजेडात धरला. "दस्तबरदार. हाथ उठा लिया. बराबर पढे मियाँ." मग माझ्याकडं बघून हसला — "पर खुश तो ऐसे दिखारे, जैसे दुश्मन के दादा का निकला."

मी हसलो नाही. घरचं आहे म्हणून झाकायचं, हे मला जमत नाही.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. पाचोडला गेलो, मंडळीत. बावीस वर्षांनी!

नोंद नीट करतो, कारण दुसऱ्या कुणी केलेली नाही. लोक आम्हाला ‘उभी मंडळी’ म्हणतात. पाद्री नाही, देऊळ नाही, भिंतीवर क्रूससुद्धा नाही. कुणाच्या तरी घरात जमायचं. मिशनपासून फुटून निघालेली चाळीसेक घरं होती, आता नऊ राहिलीत. आणि मुख्य नियम — माणसाचं नाव कागदावर लिहायचं नाही. वही नाही, रजिस्टर नाही, जन्म-मृत्यूची एक ओळ नाही! ‘हा अडाणीपणा आहे’ असं भर बैठकीत म्हणून मी बाहेर पडलो होतो. तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

आज कुणी त्याची आठवण काढली नाही. काकासाहेब आता सगळ्यांत मोठे, ऐंशीच्या पुढं. त्यांनी जवळ बसवलं, हात हातातच ठेवला. मी लगेच कागद काढला.

पुढच्या रविवारी वर्षाची हजेरी. काकासाहेब जुनी नावं तोंडपाठ पुकारतात, आणि त्या नावाला त्या घरातलं कुणीतरी उठून ‘हाये’ म्हणतं. कडुबाच्या नावाला आत्या उठते, आबांची बहीण, चतुराबाई. मी म्हणालो, ज्यानं अंगठा देऊन मंडळी सोडली, त्याचं नाव हजेरीत बसत नाही.

"अंगठा त्याचाच कशावरनं?" काकासाहेब.

शिक्का, साक्षीदार, गावाचं नाव — सगळं समजावून सांगितलं. अर्धा तास बोललो असेन. सगळे ऐकत होते. छान वाटलं, खोटं कशाला लिहू.

आत्या निघताना एवढंच — "जेवलास का रं, अभय?"

रविवार, २७ एप्रिल

हजेरीला आत फक्त लग्न झालेल्यांना बसवतात. त्यामुळं आजची माझी पहिलीच.

काकासाहेब डोळे मिटून पुकारत होते. एकेक माणूस उठत होता, ‘हाये’ म्हणून बसत होता. मध्येच त्यांनी ‘सत्यम’ म्हटलं! सत्यम म्हणजे माझ्या वर्गातला. पुण्यात दुसरी बायको करून मजेत आहे. त्याची म्हातारी आई उठली. काकासाहेबांचं वय झालं, मेलेले-जिवंत एक व्हायला लागलेत, असं मनात टिपून ठेवलं.

मग आमचं घर आलं. आधी भागूबाई, माझी पणजी. तिच्यामागं कडुबा, हा क्रम ठरलेला. भागूबाईच्या नावाला माझा चुलतभाऊ उठला, बसला. आणि आत्या — गुडघ्यावर हात टेकून — अर्धी उठली.

काकासाहेबांनी पुढचं घर घेतलं.

ती तशीच वाकलेली राहिली. ना वर, ना खाली. शेजारच्या बाईनं पदर ओढला तेव्हा बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला, आधीच सारखा होता तरी.

शेवटी भाकरी फिरली. प्रत्येकानं तुकडा मोडून पुढं द्यायची. आत्यानं न मोडताच माझ्या हातात दिली.

सोमवार, २८ एप्रिल

गंगापूरच्या दाव्याचा कागद समोर. एकच ओळ तीनदा वाचली.

शुक्रवार, २ मे

कमरोद्दीननं विचारलं, "क्या हुआ? तुमारा पंचनामा हो गया?" सगळं सांगितलं. तो डिंक कालवत होता. म्हणाला, "कागज सच्चा है. उसमें कुछ शक नहीं. पर तुमको पूछा किसने था?"

 चहा अर्धा टाकून आलो.

खरंच, कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. ईस्टरच्या दिवशी ती माणसं माझा हात धरून बसली होती. आणि मी हात सोडवला तो कागद काढायला.

रविवार, ४ मे

पुन्हा पाचोड. आत्या बैठकीला नाही. काकासाहेब म्हणाले, "गुडघा धरलाय म्हणती." माझ्याकडं बघितलं नाही.

मंगळवार, ६ मे

राहवलं नाही. सकाळच्या एसटीनं पाचोड. उन्हानं आडूळपर्यंतच जीव गेला. आत्या ओसरीत बसून चिंचा फोडत होती. गुडघ्याला काही झालेलं दिसलं नाही.

"आत्या, रागावलीस?"

"कशापायी? खोटं थोडंच बोललास."

"मग बैठकीला का आली नाहीस?"

"कशाला येऊ? आता उठायचं कुणासाठी?"

 तिनं मूठभर चिंचोके बाजूला सारले. मग सहज, बाजारहाटाचं बोलावं तसं — "मला ठावं होतं की रं. मायनं सांगितलं व्हतं. सुटून आला, मेलेली ढोरं वढली, लई साल जगला. मंडळीच्या घराम्होरून जाताना मान खाली घालायचा. दार कधी वाजवलं नाय."

"आबांना माहीत होतं?"

"त्याला नाय सांगितलं. त्याला तसा कडुबा आवडायचा."

"आणि तू सगळं माहीत असून त्याच्या नावाला उठत होतीस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा चड्डीतला पोरगा झालो.

"येडा का काय! राहिले त्यांच्यासाठी कशाला उठायचं? ते हायेतच. जो गेला त्याची जागा बुजू नाय, म्हणून उठायचं. भागूबाई का हाय त्यात? ती बी शेवटाला भावाच्या गावी गेली, मंडळी सोडून त्यांच्यातली झाली. सगळी गेलेलीच नावं हायेत ती. तू काय समजलास, सत्काराची यादी?"

हो. तेच समजलो होतो.

सत्यमची आई डोळ्यांपुढं आली. काकासाहेबांना म्हातारचळ लागलाय असं मी मनात टिपलं होतं! मी.

"मग त्या रविवारी बोलली का नाहीस? अर्धा तास मी बडबडत होतो."

"च्या टाकते," म्हणाली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा दुसरंच बोलायला लागली — मोनिकाची शुगर, मोसंबीचा भाव.

एसटीत कागदाचा विचार करत होतो. महिना बरोबर, साक्षीदार बरोबर, एक अक्षर चुकलेलं नाही. आणि तरी ऐंशी वर्षांच्या बाईला भर बैठकीत अर्ध्यावर वाकवून ठेवलं. ते मी केलं. कुणी सांगितलेलं नव्हतं. ज्या माणसाची मान लाजेनं आधीच खाली होती, त्याची ती एक जागाही मीच काढून घेतली. वर अभिमान!

मोनिकाला सांगितलं. आज टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं.

बुधवार, ७ मे

काकासाहेबांना फोन. कडुबाचं नाव हजेरीत परत घ्या म्हणालो. माफ करा हेही म्हणायचं होतं — कागदाबद्दलच बोलत बसलो. "घरोघर विचारून कळवतो," म्हणाले.

कागद तिसऱ्या बासनात, होता तिथं ठेवला.

शनिवार, १० मे

काकासाहेबांचा फोन. नाव परत घेणार, सगळी घरं तयार. मी विचारलं, मग तेव्हा माझं का ऐकलंत?  ते म्हणाले —

"तुझं कुठं ऐकलं बाबा. हजेरीआधी चतुराबाईच घरी आली, म्हणली, ‘काढा नाव. बावीस साल अभयच्या नावाला मी उठले. औंदा तो सोता आलाय. ऐका त्याचं, नायतर पुन्हा जाईल.’"