पंधरा नोव्हेंबरचा शुक्रवार

१ जून २०२५, रविवार
निर्णय पक्का. पेणच्या सिनेगॉगमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग मीच घेणार. मी, सोलोमन वाक्रूळकर, रोह्याच्या केमिकल कंपनीतून निवृत्त सेफ्टी सुपरवायझर. शेकडो कामगारांना हेल्मेट घालायला लावलं, तीन पोरांना टोप्या घालायला लावणं म्हणजे किस झाड की पत्ती.
ट्रस्टींनी विचारलं, हिब्रू वाचता येतं ना? म्हटलं, जन्मापासून प्रार्थना म्हणतोय. (आजोबांच्या पुस्तकात हिब्रूखाली तेच मराठी अक्षरांत छापलंय. तरी वरच्या ओळी आता चेहऱ्याने ओळखीच्या झाल्यात.)
उद्यापासून पहाटे पाचला उठून एक तास हिब्रू.

२ जून, सोमवार. सकाळी ९.१०
उद्यापासून.

७ जून, शनिवार
पहिला वर्ग. हजर तीन. सियोना पेझारकर, वय चौदा, प्रश्न फार. तिचा भाऊ आरोन, वय सहा, झोप फार. रोह्याहून जोएल अष्टमकर, वय बारा, स्वभावाने गरीब. त्याचा नोव्हेंबरात बार मित्झवा. म्हणजे त्या दिवशी तो सगळ्यांसमोर तोरा, आम्हा यहुद्यांचा धर्मग्रंथ, वाचणार आणि त्यानंतर मोठ्या माणसांत धरला जाणार. त्याने हळूच विचारलं, चुकलो तर धरणार नाहीत का? म्हटलं, मी असताना चुकशील कसा!
नवा व्हाइटबोर्ड लावला. मार्कर उघडला. सियोना म्हणाली, अंकल, आज शनिवार, शब्बाथला लिहायचं नसतं. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे का तेच बघत होतो. वर्ग यापुढे रविवारी.
(रोजनिशी चालते का? विचारायला हवं. सियोनाला नाही.)

८ जून, रविवार
ट्रस्टींची अट: जोएलचं वाचन चांगलं झालं तर वर्ग कायम माझा. नाहीतर मुलं ठाण्याच्या ऑनलाइन वर्गाला बसणार. मोबाईलवर धर्म! माझ्या हयातीत नाही.
बार मित्झवा १५ नोव्हेंबर, शनिवारी. घरी हॉलमधलं समाजाचं कॅलेंडर बघितलं, त्यात कुठल्या शब्बाथला तोराचा कुठला भाग ते दिलेलं असतं. आपल्याला आलाय वायेरा. तीन पाहुणे अब्राहामच्या तंबूत येतात, तुम्हाला म्हातारपणी मूल होणार म्हणतात, आणि सारा आतून हसते. खेळीमेळीचा भाग. जोएलची आई रिना हिला लगेच फोन केला.
एकच गोष्ट खटकली. कॅलेंडरवर १५ तारखेला शुक्रवार छापलाय. निव्वळ निष्काळजीपणा. पेनने दुरुस्त केलं आणि छापखान्याला खरमरीत पत्र टाकलं. हे कॅलेंडर काढा आता, असं बायको, फ्लोरा, जानेवारीपासून म्हणतेय. पण वरचं जेरुसलेमचं चित्र मला आवडतं. बायकांना कलेतलं कळत नाही.

२२ जून, रविवार
पद्धत सापडली. यूट्यूबवर एक माणूस वायेरा सुरात म्हणतो. मी मोबाईल धरतो, जोएल ऐकून म्हणतो. याला श्रवणपद्धती म्हणतात. (मीच म्हणतो.) पुस्तक मध्ये आणत नाही, मुलं बिचकतात.
मुलांनी मला 'मोरे' म्हणावं असं सुचवलं. हिब्रूत शिक्षकाला तसंच म्हणतात. सिनेगॉगचा राखणदार दाजी मला बाजूला घेऊन म्हणाला, साहेब, आडनाव बदलायला काय झाला, कोर्टाची भानगड तर नाय ना?
पहाटेचं हिब्रू पावसाळ्यानंतर. पावसात उजेड कमी असतो.

१३ जुलै, रविवार
सियोना म्हणते, वायेरा त्या शनिवारी नाही, आदल्या शनिवारी येतो. मोबाईल दाखवायला लागली. मी बघितला नाही. म्हटलं, मोबाईलपेक्षा छापील गोष्टीवर विश्वास ठेवायला शिक. उलट बोलल्याबद्दल बाक पुसायला लावले. पुसता पुसता तिने बाकाच्या पाठीवरची हिब्रू ओळ वाचून दाखवली, देणगीदाराचं नाव आहे म्हणे. मी पन्नास वर्षं ती नक्षी समजत होतो. अर्थात नक्षीसुद्धा असू शकते.

३ ऑगस्ट, रविवार
मुलांच्या उत्साहासाठी गरम बटाटेवडे नेले. जोएलने दीड खाल्ला तेव्हा सियोना म्हणाली, आज बिरड्याचा रोजा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास! फ्लोराने काल बिरडं केलं होतं, पण मला वाटलं शनिवारचा बेत.
जोएल रडवेला. म्हटलं, अरे, मोह कसा असतो हे प्रात्यक्षिकाने शिकवत होतो. उरलेले वडे दाजीला दिले. तो म्हणाला, असा रोजा आमच्यात पन पायजे.

२४ ऑगस्ट, रविवार
जोएलची एसटी वडखळला गणपतींच्या टेम्पोंमागे अडकली. वर्ग फोनवर घेतला. बसमध्ये तो मोठ्याने वायेरा म्हणत होता. शेवटी कुणीतरी मोरया म्हणालं. उच्चार स्पष्ट होता.

१९ ऑक्टोबर, रविवार
जोएल आता झोपेतही म्हणतो, रिना सांगत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी कंपनीत फुकट घालवली, खरा माझा पिंड शिक्षकाचाच.
हिब्रूचं ॲप घेतलं. सलग एक दिवस झाला. मग फोन बिघडला. (फोन चालू आहे, पण बिघडल्यासारखा वाटतो.)

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी
अलिबागचे हजान आले, प्रार्थना तेच चालवतील. रोह्याची मंडळीही मुक्कामाला आली. दहा पुरुष लागतात, बारा जमलेत. हॉलच्या कॅलेंडरवर आज गुरुवार. आख्खा नोव्हेंबर चुकवलाय पठ्ठ्यांनी. छापखान्याचं उत्तर अजून नाही. काय तोंडाने देतील?
उद्या जोएलशेजारी मी उभा राहणार. सेफेर तोराच्या, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीच्या, ओळींवरून चांदीची दांडी फिरवायचा मान माझा. मीच मागून घेतला. इस्त्री करून ठेवली आहे (पँट).

१५ नोव्हेंबर, शनिवार. तारे दिसल्यावर
लिहावंसं वाटत नाही.
हजानांनी सेफेर उघडून ठेवला होता. जोएलने सुरू केलं. काय आवाज! मी त्याच्या सुरावर दांडी फिरवत गेलो. तो थांबला की थांबलो, त्याने लांबवलं की लांबवली. ओळ संपली की खालच्या ओळीवर. एकदाही अडलो नाही. बायकांच्या सज्ज्यातून रिना हुंदके देत होती. मला वाटलं, हाच आपल्या आयुष्यातला सर्वात चांगला दिवस.
मग हजानांनी माझा हात धरला. अगदी हळू विचारलं, सोलोमनभाई, आत्ता तुम्ही कुठल्या शब्दावर आहात?
मी म्हटलं, सेफेरमध्ये मात्रा नसतात, त्यामुळे नेमकं सांगणं बरोबर नाही.
वरून सियोना म्हणाली, तो वायेरा म्हणतोय, मागच्या शनिवारचा. आजचा भाग वेगळा. आज सारा मरते आणि अब्राहाम तिच्या दफनासाठी जमीन विकत घेतो.
म्हणजे ज्या ओळींत सारा मेली होती, त्यांवरून मी दांडी फिरवत होतो आणि जोएलच्या तोंडी ती हसत होती.
जोएल पांढरा पडला. खूप वाईट वाटलं मला. हजानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सांगितला. तो मागून म्हणत गेला. आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत म्हणाला. सगळ्यांनी त्याला धरलं मोठ्या माणसांत.
माझ्याकडे कुणी बघितलं नाही. नंतर दांडी कुठे ठेवू ते कळेना, म्हणून बराच वेळ हातातच होती.

१६ नोव्हेंबर, रविवार
रोह्याला जोएलकडे मलिदा. रिनाचा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस होता. पेणचे पोहे, गूळ, खोबरं, फळं. जाणार नव्हतो, फ्लोराने नेलं. जोएलने ताट आणून दिलं. म्हणाला, अंकल, तुमची दांडी एकदम बरोबर चालली होती, मला खूप धीर आला.
ताट अर्धंच ठेवलं. खोबरं जाड किसलं होतं.
घरी येऊन फ्लोराने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि वरचं वर्ष दाखवलं. २०२४. त्याच्यामागे यंदाचं होतं, जानेवारीपासून. त्यावर १५ ला शनिवारच छापलाय. छापखान्याला पाठवलेलं पत्र परत मागवता येतं का?

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ट्रस्टींचा निरोप. वर्ग ठाण्याला जाणार नाही, पेणलाच राहील. मी तर तेच म्हणत होतो.
शिकवणार सियोना.
माझा अनुभव बघता मी देखरेखीला जावं, असं ठरलं. (मी ठरवलं.)

२३ नोव्हेंबर, रविवार
देखरेखीला गेलो. सियोना म्हणाली, अंकल, उभे राहू नका, बसा. जागा आरोनशेजारीच होती. तिने मलाही वही दिली. फळ्यावर पहिलं अक्षर काढलं, आलेफ. म्हणाली, काढा सगळ्यांनी.
काढलं. अंदाजाने एकदम बरोबर वाटलं.
आरोन जागा होता. माझ्या वहीत बघून म्हणाला, अंकल, उलटा काढलात.
मग त्याने आपला खोडरबर माझ्याकडे सरकवला.