एका टाचणीवर दोघं

नांदेड
ता. ८ जुलै २००१

चि. मिहिर यास,

अक्काचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. कॉलेज सुरू झालं, प्रॅक्टिकलच्या बॅचा लागल्या. देविकाच्या गुडघ्याला आराम पडला का? यंदा तुझ्या क्लासला परभणी-सोलापूरची पोरं आली, लातुरात खोली मिळेना झाली, हे वाचलं. चांगलं आहे.

चांगलं आहे असं लिहिलं खरं, पण आधीची पत्रं फाडून हे लिहून राहिले. त्यांत नुसत्या शिव्या होत्या. ह्यातही येतील, तयारी ठेव.

तू लिहितोस, ‘अक्का, माळ्यावरच्या दाजींच्या पेट्या उघडल्या. पोरांना दाखवायला झकास माल आहे. फक्त दाजींनी एक गडबड करून ठेवली होती. प्रत्येक टाचणीवर मुंगी आणि भुंगेरा एकत्र. दोन वेगळे गण एका जागी कसे चालतील? सीईटीला पोरगं मार्क घालवून बसेल. म्हणून सगळे सोडवून घेतले, कोमट पाण्यानं डिंक सुटतो. आता मुंग्या एका थर्माकोलवर, भुंगेरे दुसऱ्यावर. खालच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या, काढून टाकल्या.’

गाढवा, ती गडबड नव्हती.

हे आखूड पंखांचे भुंगेरे मुंग्यांच्या घरातच राहतात. तिळाहून बारीक. पाठीवर सोनेरी केसांचा झुपका असतो, मुंग्या तो चाटतात आणि त्याला तोंडानं घास भरवतात. मुंग्यांपासून तोडला तर उपाशी मरतो. कोणता भुंगेरा कोणत्या मुंगीकडं राहतो हे कळल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही. म्हणून तो जिथं सापडला तिथलीच एक मुंगी त्याच्या टाचणीवर लावायची, आणि खाली गावाची चिठ्ठी. तुला हे ठाऊक नव्हतं, ते चालेल. पण विचारायला काय झालं होतं? माणसाला जेवढं पाठ असतं तेवढंच जग असतं का रे? तुझ्या क्लासच्या पोरांचं पुढं काय होणार, देव जाणे.

त्यातला एक भुंगेरा नवा आहे. त्याच्या मिशीला तीनच पेरं आहेत, तीही गदेसारखी जाड. मी त्याचं चित्र काढून कोलकात्याच्या एका तज्ज्ञांना पाठवलं होतं. त्यांनी कळवलं, असा भुंगेरा कुठंच नोंदलेला नाही, मुंगीसकट टाचणी पाठवा, नाव देऊ. नाव मी ठरवलं होतं. अमरनाथचं. तुझ्या दाजींचं नाव कुठंतरी राहील, एवढंच मला पाहिजे होतं. दिवाळीला येऊन तुम्हाला सांगणार होते.

आता तो भुंगेरा मी ओळखेन. पण त्याची मुंगी कोणती? देवणीच्या, मुरुडच्या, लोह्याच्या, आमच्या गावच्या, सगळ्या तू शिस्तीत एका रांगेत चिकटवून ठेवल्यास. त्या तज्ज्ञांना काय लिहू? अंदाजपंचे एक उचलून पाठवू?

तू म्हणशील, परत शोधून आण. कुठं जाऊ? तो सापडला ते वारूळ अमरनाथच्या शाळेच्या भिंतीच्या बुडाशी होतं. भूकंपात भिंत गेली, शाळा गेली, गाव लांब माळावर नवं बसवलं. जुन्या जागेवर मशीन फिरवून सपाट केलं, आता तिथं बाभळी आहेत. मागच्या उन्हाळ्यात सासऱ्यांना घेऊन मी तिथं गेले होते. मी दगड उलटून बघत होते, तर ते म्हणाले, ‘बाई, मुंग्या बी गेल्या असतील. हितं कुणाच्या आधारानं ऱ्हातील?’ मग आम्ही परत आलो.

तू अमरनाथला मुंगीमास्तर म्हणायचास. त्याला कधी राग आला नाही. भूकंपाच्या साली गणपतीत तो पेट्या घेऊनच लातूरला आला होता, गावातल्या खोलीला ओल धरली होती म्हणून. तुला भिंगातून दाखवत होता. तू विचारलंस, ‘दाजी, ह्याचा उपयोग काय?’ तो म्हणाला, ‘उपयोग काही न्हाई. पाहुणा हाय तो.’ आणि आपण सगळे हसलो.

शाळा होती म्हणून तो आधी निघाला. मीही पिशवी भरली होती. तू दारात आडवा आलास, ‘अक्का, विसर्जन होऊ दे, एक दिवस थांब.’ मी थांबले. दुसऱ्या दिवशी पहाटे जे झालं ते तुला ठाऊक आहे.

तेव्हापासून सगळे म्हणतात, मिहिरनं बहीण वाचवली. आईनं तुझी दृष्ट काढली. मी मान हलवत आले. आज लिहिते, मला तुझा राग आहे. तू काही वाईट केलं नव्हतंस हे कळतं, तरी आहे. मला त्याच्याजवळ असायचं होतं. तेव्हाही तू मायेनंच थांबवलंस आणि आता टाचण्याही दाजींचं नीट व्हावं म्हणूनच सोडवल्यास. त्यामुळं तुला धड शिव्याही देता येत नाहीत, हे लई बेकार आहे.

भामाबाईनं केर कुठं टाकला ते विचार. तिच्यावर ओरडू नकोस, तिची काही चूक नाही. एखादी चिठ्ठी सापडली तर कोरडी ठेव, पुसू नकोस. थर्माकोलला हात लावू नकोस. आणखी काहीही दुरुस्त करू नकोस.

रविवारी सकाळी येते. पेट्या घेऊन त्याच दिवशी परत जाईन. देविकाला म्हणावं, माझा स्वयंपाक धरू नको. आणि मी निघाले की दारात येऊन एक दिवस थांब म्हणू नकोस.

तुझीच,
अक्का