अंडी हलकी होत नाहीत

गुरुवार, आषाढ. दिवेलागण.

काट्यावर आजही तोच आकडा. अंड्याचं वजन रोज थोडं थोडं उतरायला हवं. आतलं पाणी उडालं की हवेला जागा होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. नाही उतरलं तर कवचातच बुडतं. इन्क्युबेटरमधलं पाणी मी परवाच काढून टाकलं. तरी आकडा ढिम्म.

उतरणार कसा? चाळीतली एक खोली, बाहेर झड लागलेली, आणि डोक्यावर दोरीला बाबांच्या ओल्या चादरी. ते अंथरुणाला खिळल्यापासून रोज धुवाव्या लागतात, आणि गॅलरीत काही वाळत नाही. सगळी ओल खोलीतच राहते.

चादरी बाहेर टाकू? मग उद्या बाबांच्या अंगाखाली काय घालू?

गावचं घर बंद करून त्यांना इथे आणलं, तेव्हा कोंबड्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या. बाबांनी फक्त ही अंडी सोबत घ्यायला लावली. दुसरं काहीच मागितलं नाही.

मघाशी परत विचारलं, "पिल्लां इली काय गो?"

"येतील, बाबा. अजून वेळ आहे."

आहे का पण? चादरींकडे बघत बोलले मी, त्यांच्याकडे नाही.

मग त्यांची चादर बदलायला घेतली. गेल्या आठवड्यापर्यंत त्यांना उचलायला शेजारच्या वहिनींना हाक मारावी लागायची. आज मी एकटीनेच उचललं. दमलेसुद्धा नाही.