शेवटच्या रांगेपर्यंत नाव जावं

मी, सोमेश्वर साहेबराव जंजाळ, वय वर्षे ५४, धंदा लग्नकार्यात बँड घेऊन गाणे, रा. जाफराबाद, जि. जालना, आज कुणाच्या दाबाखाली न येता, चहाशिवाय काही न पिता, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डाव्या कानाचा मिळाला नाही. तो कान बेसच्या स्पीकरच्या डब्याशेजारी उभं राहून गेला.

घाई एवढ्यासाठी की, गेल्या उन्हाळ्यात भोकरदनला मंगल कार्यालयाच्या जिन्यावर तोच डबा चढवताना छातीत कळ आली. मरणाची भीती वाटली नाही. माझ्या मयतीला थोरले बंधू आबाराव येतील का, याची वाटली.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी गिरिजाबाईला. तिच्या पश्चात प्रियदर्शनी व आकांक्षा या लेकींना सारखी. घराचं गल्लीकडचं दार समोर दादाच्या, म्हणजे आबारावांच्या, ओट्यावर उघडतं. त्याला मी सहा वर्षं आतून कुलूप घातलेलं आहे. ते कुलूप इस्टेटीत धरू नये.

२. कुलपाची हकिकत लिहिणं भाग आहे. प्रियदर्शनीच्या लग्नात मानपानाच्या टॉवेल-टोपीसाठी मी माइकवर दादाचं नाव तीनदा पुकारलं. दादा शेवटच्या रांगेत, रामकिसन आचाऱ्याच्या चुलवणाजवळ बसले होते. तेव्हा मी नवेच दोन मोठे डबे आणले होते. पुढच्या पाहुण्यांची छाती हादरली आणि मागे नुसती घूं घूं गेली. दादा न जेवता उठले. "सख्ख्या पुतणीच्या लग्नात मला मान न्हाई, मंग जेवू कशाला?" हे वाक्य मला चार जणांनी चार दिवस आणून दिलं. मीही समजूत काढायला गेलो नाही. पुकारणारा मी, माझं काय चुकलं, ही माझी अक्कल.

३. ते दोन्ही डबे कीबोर्ड वाजवणारा भाचा सुग्रीव याला. "मामा, पब्लिकला बेस पाहिजे," असं तो मला ऐकवत आला. "पब्लिक जेवायला आलेली असते रे," असं मी म्हणत आलो, आणि डबे घेऊन बसलो. त्याने ते आपल्या घरात ठेवावेत. घरात माणसांना जागा उरणार नाही, पण बेस राहील.

४. 'पूर्णाकाठ म्युझिकल ग्रुप' हे नाव, हार्मोनियम, माइक आणि पुढच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या आकांक्षाला, गाते ती. नवा स्पीकर तिनेच निवडावा. अटी माझ्या. एकट्या माणसाला जिना चढवता आला पाहिजे. जीपमध्ये स्पीकर ठेवून ढोलकीवाल्याला टपावर बसवायची वेळ येऊ नये. तीनशे माणसांच्या मांडवाला पुरला की पुष्कळ. हजार माणसांची सुपारी आली तर हात जोडावेत. वॅटचे आकडे दुकानदाराने सांगायचे असतात, आपण ऐकायचे नसतात. दुकानात सगळेच स्पीकर गोड बोलतात, म्हणून पारख अंगणात करावी. आणि गाणं लावून करू नये, नावं वाचून करावी. गाणं अर्धवट ऐकू आलं तरी माणूस डोलतो. नाव अर्धवट ऐकू आलं की उठून जातो.

५. गेल्या रविवारी सकाळी जालन्याहून स्पीकरचे दोन नमुने आणले. आकांक्षाला म्हटलं, वाच. तिने मला न विचारता प्रियदर्शनीच्या लग्नातली मानाची यादी काढली. आधी स्टँडवरचे दोन छोटे डबे लावले. अंगणात झकास, पण गल्लीत जाता जाता शब्द चिरकले. दादा ओट्यावर पेपर वाचत होते. मान वर केली, पुन्हा खाली घातली. मग दुसरा लावला. माणसाएवढी बारीक उभी पट्टी, खाली बसकासा डबा. आवाज मोठा केलाच नाही.

"आमचे मोठे बाबा, आबाराव साहेबराव जंजाळ, यांनी मानाचा टॉवेल-टोपी घेण्यासाठी यावं."

दादांनी पेपरची घडी घातली. चपला घातल्या. मी कुलपाची किल्ली शोधत राहिलो, ती गिरिजाबाईच्या कमरेला निघाली.

दारात येऊन म्हणाले, "सहा वर्षं लागले का रे सोम्या पुकारायला?"

"दादा, तवाबी पुकारलं होतं. तीनदा."

"मंग मधी डबा कशाला ठेवला?"

गिरिजाबाईने ट्रंकेतून तोच टॉवेल, तीच टोपी आणली. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. दादांनी टोपी तशीच डोक्यावर ठेवली. पट्टीवाला स्पीकर कायम करण्यात आला.

६. माझ्या तेराव्याला गाणी नकोत. आलेल्यांची नावं त्याच स्पीकरवरून नीट पुकारावीत, पहिलं दादांचं. सगळे जेवून जावेत, सुग्रीवसुद्धा.

वर लिहिलेलं वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करतो.

सही: सोमेश्वर साहेबराव जंजाळ
जाफराबाद, दि. १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१) रामकिसन, आचारी. त्या दिवशी मीबी मागंच होतो. मलाबी काही ऐकू आलं न्हाई.
२) आबाराव साहेबराव जंजाळ. पुकारलं म्हणून आलो.